मुळ्याचा पाला आणि रव्याचे कान

शेवंते, मी निघाले त्या सकाळी तू रडली नव्हतीस. बैलगाडीच्या मागं लोंबकळत तू वेशीपर्यंत आलीस आणि तिथं उडी मारून माघारी पळालीस, कारण शेळी सोडायची राहिली होती. रडत होती ती माय, आणि तीही तोंड फिरवून. गाडी हलताना तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून एवढंच सांगितलं, "जिथं चाललीस तिथलीच होऊन राहा माय, म्हंजे तरास होत नाही." मी मान हलवली. तेव्हा वाटलं, ती मला धीर देते आहे. ती मला माघारी येऊ नको म्हणत होती, हे फार पुढं कळलं.

परभणीपासून मनमाडपर्यंत लहान रुळांची गाडी, मनमाडला मोठ्या गाडीत चढायचं, दौंडला पुन्हा वाट बघायची, पुण्यात पुन्हा बदलायची. चिंचवड स्टेशनवर उतरले तेव्हा डोळ्यांत कोळशाची कचकच होती आणि नव्या लुगड्याचा रंग घामानं पोटऱ्यांना लागला होता. तुझे दाजी पुढं, मी मागं. जालन्याच्या जिनिंगमध्ये ते फिटरचं काम शिकले होते. पिंपरीकडं नवा कारखाना उभा राहतोय, माणसं घेतायत, असं कुणीतरी सांगितलं म्हणून लग्नाच्या आधीच इकडं आले आणि आपल्या विधवा आईलाही घेऊन आले. ती माझी सासू. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

कारखान्यानं कामगारांना क्वार्टर दिली होती. दोन खोल्या, मागं न्हाणी, पुढं पायरी. रांगेत सगळी घरं एकाच साच्यातली. दाराचा रंगही एकच. आत्याबाई इथं आल्या त्या पहिल्या आठवड्यात नळावर गेल्या आणि परत येताना आपलं घरच सापडेना. प्रत्येक दारात डोकावत, डोईवरची घागर सांभाळत त्या रांगेमागून रांगा हिंडल्या. शेवटी कुणीतरी हाताला धरून आणून सोडलं. तेव्हापासून त्यांनी जुन्या लुगड्याची एक चिंधी दाराच्या कडीला बांधून ठेवली होती आणि स्वतः उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या. मी आले तेव्हा त्या तिथंच बसलेल्या होत्या आणि पुढं कितीतरी वर्षं मी त्यांना तिथंच बघितलं. बाहेर जायला त्यांना भीती वाटायची, आणि मी बाहेर जाणं त्यांना खपायचं नाही.

तुझ्या दाजींची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. नाइट असली की ते सकाळी भाकरी खाऊन आतल्या खोलीत झोपायचे आणि मग दिवसभर त्या घरात मेल्यासारखं शांत राहायचं. कुटायचं नाही, भांडं आपटायचं नाही, बादली ओढायची नाही. माझ्या बांगड्या वाजायच्या म्हणून आत्याबाईंनी त्या कोपरापर्यंत वर सारून त्यावर फडकं बांधायला शिकवलं. मी चुलीपाशी बसून दाराच्या चौकटीत दिसणारं समोरच्या क्वार्टरचं दार बघत राहायची. ते दार आणि आमचं दार यांत काही फरक नव्हता. कधी कधी वाटायचं, मी त्या घरात असते तरी काय वेगळं झालं असतं. आपल्या गावात मी दिवसभर वावरात, विहिरीवर, ओरडत फिरणारी पोर. इथं महिन्याभरात माझा आवाजच बसला. नळावर बोलले तर बायका हसायच्या. "काय करायलीस" म्हटलं की तेच शब्द माझ्यामागं म्हणून दाखवायच्या. मग मी बोलणंही कमी केलं.

आमच्या रांगांच्या पलीकडं तारेचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडं साहेबांचे बंगले. त्यातल्या एकात मशिनं बसवायला इटलीहून आलेला एक साहेब आणि त्याची बायको राहायची. तिचं नाव कार्मेला. आमच्याकडं सगळे तिला कमळाबाई म्हणायचे. बाकीच्या साहेबांच्या बायका इंग्रजीत बोलायच्या आणि हिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तिला कुणी बोलावत नसे. ही मेमसाहेब कशी, असा तिच्याबद्दल पहिला बोभाटा झाला तो मुळ्यावरून. भाजी घेऊन यायची ती हौसाबाई, जुन्या पिंपरी गावातली. तिनं पायरीवर टोपली टेकली आणि आत्याबाईंना सांगितलं की बंगल्यातली बाई मुळे घेत न्हाई, नुसता पाला मागती. "पाला गुरास्नी घालत्यात म्हनलं तर हसती. येडी हाय का काय, कळंना."

त्याच सुमारास त्या घरातला गोव्याचा स्वयंपाकी काम सोडून गेला. साहेब तुझ्या दाजींच्याच खात्यावर होता. सुपरवायझरनं विचारलं, तुमच्या घरातलं बाईमाणूस सकाळी दोन घटका वरकामाला येईल का. साहेबाला नाही कोण म्हणणार? आत्याबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पदर नीट घ्यायला सांगितलं आणि दारातून बाजूला सरकल्या. नळ सोडला तर मी त्या घरातून पहिल्यांदा एकटी बाहेर पडले ती अशी, दुसऱ्याच्या घरची भांडी घासायला. पण शेवंते, ती वाट मला अजून आठवते. पायाखाली धूळ होती, बाजूला ज्वारीचं रान होतं, आणि मी बांगड्या खाली सोडल्या होत्या.

पहिल्या दिवशी मी भांडी घासून उभी राहिले तेव्हा कार्मेला ओट्यावर रवा मळत होती. आपल्यासारखाच, नुसत्या कोमट पाण्यात. अंडं नाही, तेल नाही. दाबून दाबून घट्ट गोळा केला, ओल्या फडक्याखाली झाकला. मग त्याच्या करंगळीएवढ्या जाड वळ्या केल्या, वळ्यांचे छोटे तुकडे कापले, आणि एकेका तुकड्यावर बोथट सुरी टेकवून तो आपल्याकडं ओढला. तुकडा वाकला. तो तिनं अंगठ्यावर उलटा घातला. झाला कान. अगदी तान्ह्या पोराच्या कानासारखा, मधे खोलगट, कडा जाड. ती माझ्याकडं बघून स्वतःचा कान ओढून हसली.

मी तिच्या हातातून सुरी घेतली नाही. हात धुऊन आले, एक तुकडा घेतला आणि नखानं दाबून अंगठ्याखालून फिरवला. आपण लग्नाच्या रुखवताला करतो त्या नखुल्या, तुला आठवतात. तिनं ती नखुली तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात नेली. मग माझ्याकडं वळली आणि तिच्या भाषेत भराभर काहीतरी बोलायला लागली, जसं काही मला सगळं कळतंय. मीही बोलले. मायनं शिकवलं, गावाकडच्या आत्यानं शिकवलं, आमच्याकडं बन्शी गव्हाचा रवा लागतो, तुझा हा रवा जरा मऊ आहे. पिंपरीला आल्यापासून मी एवढं एका दमात पहिल्यांदा बोलले असेन. दोघींनाही एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, म्हणून कुणी कुणाला हसलं नाही.

पाण्याला उकळी आली की ती त्यात मीठ टाकून आधी कान सोडायची. ते वर यायला लागले की चिरलेला मुळ्याचा पाला त्याच पाण्यात. दुसरीकडं गोडेतेलात ठेचलेला लसूण आणि लाल मिरची. लसूण तांबूस झाला की कान आणि पाला निथळून त्यात घालायचा, थोडं उकळीचं पाणी घालून परतायचं, आणि वरून शिळ्या पावाचा तेलात भाजलेला चुरा. एवढंच. तिच्या गावी मुळ्यासारखीच कडवट चव असलेली दुसरी एक पालेभाजी असते, असं मला पुढं कळलं. इथं तिनं पालक घालून बघितला, चाकवत घालून बघितला, आणि मुळ्याच्या पाल्यावर येऊन थांबली. पहिला घास घेऊन ती डोळे मिटून उभी राहिली, मग मान डावी-उजवीकडं हलवली. जवळ गेलं होतं, पण ते नव्हतं. तेल वेगळं होतं, बहुतेक. मी खाल्लं आणि मला वाटलं, हे मी आधी कुठंतरी खाल्लं आहे. खाल्लं नव्हतं. पण कडू पाला, लसूण आणि मिरची यांना परकं कसं म्हणायचं?

एकदा हे घरी करून बघितलं. पाव कुठला, तर शिळ्या भाकरीचा चुरा भाजून घातला. तुझ्या दाजींनी दोन कान खाल्ले, बाकीचे ताटाच्या कडेला सारले आणि भाकरी मागितली. आत्याबाई मात्र सगळं जेवल्या. ताट सरकवताना म्हणाल्या, "शेंगदाण्याचं कूट घालायला पाहिजे होतं." त्याहून मोठी पावती मला त्या घरात तोवर मिळाली नव्हती.

पाऊसकाळ सरला, हिवाळा आला. कार्मेलाला आता 'घर', 'पाणी', 'चल', 'बस' एवढे शब्द येत होते. मला तिचे चार. ती बारीक झाली होती. एक दिवस तिनं मला समोर बसवून बोटांनी सांगितलं. आधी एक बोट वर केलं, म्हणजे एक वर्षासाठी आलो होतो. मग तीन बोटं. नवऱ्यानं आणखी राहायचं कबूल केलं होतं, तिला न विचारता. "घर नाही," ती म्हणाली. छातीवर हात ठेवून पुन्हा म्हणाली, "घर नाही." मी तिला काय सांगणार? मायनं मला सांगितलं होतं तेच सांगता आलं असतं, जिथं आलीस तिथली हो. पण ते मला स्वतःलाच जमलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

मग एका सकाळी मी गेले तर ती तयार होती. रोजचाच झगा, डोक्याला रुमाल, हातात भाजीची पिशवी. पिशवी भाजीपेक्षा जड दिसत होती. ती म्हणाली, "गोदा, चल. स्टेशन." मुंबईत तिच्या भाषेची माणसं होती, तिथून बोट होती, एवढं मला तिच्या खुणांवरून कळलं. तिकीट काढायला, वाट दाखवायला तिला कुणीतरी हवं होतं. नाही म्हणायला हवं, हे मला माहीत होतं, शेवंते. हे कळलं असतं तर तुझ्या दाजींची नोकरी गेली असती आणि क्वार्टरही. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, आणि तरी माझे पाय तिच्याबरोबर चालायला लागले. फाटकावरच्या वॉचमननं आम्हा दोघींकडं बघितलं. बाजाराला निघालो असं त्याला वाटलं असेल.

ज्वारीच्या कडेनं चालत स्टेशनवर गेलो. मी मुंबईचं एक तिकीट काढलं. आम्ही बाकावर बसलो. गाडी आली तेव्हा तिनं पिशवी आत टाकली, चढली आणि दारातून खाली हात करून माझं मनगट धरलं. "गोदा," ती म्हणाली, "चल."

ती जोरात ओढत नव्हती. नुसतं धरलं होतं. मी मुंबईला जाऊन काय केलं असतं, हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्या क्षणी त्याचा विचारही आला नाही. मी समोरचे दुसरे रूळ बघत होते. त्या रुळांवरून पुण्याला जाता येतं, पुण्याहून दौंड, दौंडहून मनमाड. ती तिच्या घरी जाऊ शकते तर मी का नाही? मग शिट्टी झाली आणि तिचा हात सुटला की मी सोडवला, कुणास ठाऊक. गाडी गेली. थोड्या वेळानं पलीकडच्या फलाटावर पुण्याकडची गाडीही आली. माणसं उतरली, चढली. मी उभीच होते. तीही गेली. मग मी पदर सारखा केला आणि आल्या वाटेनं क्वार्टरकडं चालायला लागले. परतीची वाट इतकी लांब मला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी साहेब आला. सोबत सुपरवायझर. आमच्या रांगेत साहेब कधी आला नव्हता, त्यामुळं सगळ्या दारांत माणसं उभी. त्याची टोपी हातात होती आणि तो मोडक्या हिंदीत एकच विचारत होता, त्याची बायको कुणाला काही बोलली का. सुपरवायझरनं दरडावून विचारलं, तुमची सून आज बंगल्यावर होती ना?

मी आतल्या दाराआड उभी होते. तुझे दाजी खाली बघत होते. त्यांना माहीत नव्हतं, पण माझ्या तोंडावरून कळलं असावं. आणि आत्याबाई, ज्या परक्या माणसाला बघून पदर तोंडावर ओढायच्या, त्या उठून उंबऱ्यावर आल्या.

"माझी सून आज कामाला गेलीच नाही," त्या म्हणाल्या. "तिचं अंग तापलंय. सकाळपासून हितंच हाय, माझ्या नजरंसमोर."

मग ते दोघं निघून गेले. जाताना साहेब दाराच्या कडीला बांधलेल्या चिंधीकडं बघत होता, कशासाठी ते त्यालाच ठाऊक. तो दुसऱ्याच दिवशी मुंबईला गेला आणि माघारी आला नाही. काही दिवसांनी बंगल्यात नवं कुटुंब आलं. साहेबाची नि तिची भेट झाली का, दोघं मिळून गेले का ती एकटीच गेली, हे आम्हाला कधी कळलं नाही. वॉचमननंही तोंड उघडलं नाही.

माणसं पांगल्यावर आत्याबाईंनी दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ टेकून खाली बसल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. त्या माझ्याकडं बघतही नव्हत्या.

"मला वाटलं, तूबी गेलीस," त्या म्हणाल्या. "दुपारपासून बसले होते दारात. मला हितलं काहीच कळत नाही, गोदे. तू गेलीस तर मी हाक कुणाला मारू?"

तोवर मला कोंडून ठेवणारी एक बाई माझ्यासमोर होती आणि तिच्यावर मनातून चिडायला मला येत होतं. त्या दिवसापासून तेही गेलं. त्यानंतर त्यांनी मला एकटीला कधी बाहेर सोडलं नाही. दुसऱ्या घरचं काम नको म्हणाल्या, नळावर जाताना पायरीवर उभ्या राहून बघत राहायच्या. आणि मी चिडू कशी? कडी घालणारा हात घाबरलेला आहे, हे एकदा कळलं की ती कडी काढायचा जोरच हातात राहत नाही. ती वर्षं मला सगळ्यात जड गेली. सकाळी भोंगा व्हायचा, दुपारी व्हायचा, रात्री व्हायचा. हौसाबाई माझ्यासाठी मुळ्याचा पाला वेगळा ठेवायची. ती काही विचारायची नाही. मी पाला निवडत बसायची आणि आत्याबाई मला बघत बसायच्या.

आपल्या दादाच्या लग्नाला मी गावी आले ते तुला आठवत असेल. किती दिवस मी त्या एका गोष्टीवर काढले होते. आले, आणि माझ्या अंथरुणाच्या जागी धान्याची कणगी होती. त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते मायच्या एका प्रश्नाचं. पहाटे मी उठून चुलीकडं निघाले तर ती म्हणाली, "चोरावानी कामून चालायलीस माय? कोण झोपलंय हितं?"

लग्नाची गडबड संपल्यावर मी तिला ते कान करून घातले. आपल्या बन्शीच्या रव्याचे ते फार सुरेख झाले, पिंपरीला होतात त्याहून कितीतरी चांगले. मुळा आपल्याच मळ्यातला, तेल करडईचं. तू तीनदा घेतलंस. माय हळूहळू खात होती. कुणाकडून शिकलीस, म्हणाली. मग तू हात धुवायला गेलीस तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, स्टेशनपर्यंतचं आणि स्टेशनानंतरचंही.

सांगून झाल्यावर मायनं विचारलं, "पोचली का मग ती?"

माहीत नाही, मी म्हटलं.

"आन् तू? तुला जायचं व्हतं का तिच्यासंगं?"

"तिच्यासंगं नाही. इकडं यायचं होतं."

तुझे दाजी न्यायला यायला अजून वेळ होता. राहा म्हणाली असती तर मी राहिले असते, निदान मला तसं वाटत होतं. मी तिच्या बोलण्याची वाट बघत होते. आणि मग माझ्याच तोंडून आलं, "दादाला सांग, मला पोचवून दे म्हणावं. घरी जायला पाहिजे. आत्याबाई एकट्या असतील."

घरी म्हणाले मी. मायच्या हातातलं ताट तसंच राहिलं. तिनं मला जे व्हायला सांगून पाठवलं होतं ते मी झाले होते, आणि ते बघून तिला आनंद झाला नाही, एवढं मला दिसलं. ती उठली आणि परातीत उरलेले कच्चे कान फडक्यावर पसरायला लागली, वाळवून माझ्याबरोबर द्यायला.

त्याला आता आयुष्य लोटलं. माय गेली, आत्याबाई गेल्या, तुझे दाजीही गेले. क्वार्टर सोडून आम्ही चिंचवडला घर केलं, मुलगा नोकरीसाठी मारुंजीकडं राहतो, ज्वारीची रानं कधीच इमारतींखाली गेली. लोक मला इथलीच समजतात आणि माझं बोलणंही आता कुणाला हसण्यासारखं राहिलेलं नाही. मला कुणी अडवत नाही. स्टेशनवर जावं, गाडीत बसावं, कुठंही उतरावं. तेव्हा हवी होती तेवढी सगळी मोकळीक माझ्याकडं आहे. पण भाजी आणायला निघाले की मी शेजारच्या सूनबाईंचं दार वाजवते आणि सांगते, जरा बाजारात जाऊन येते. त्यांना वाटतं, म्हातारीला बोलायला कुणीतरी हवं. मला एवढंच हवं असतं की उशीर झाला तर कुणीतरी दारात येऊन बघावं.